खोक्यावर बसलेला माणूस

फ्लॅमेंकोचा एखादा व्हिडिओ लावून बघा. घोळदार झगा घातलेली बाई टाचा आपटत नाचते, एकजण बेंबीच्या देठापासून गातो, एकजण गिटार वाजवतो. आणि बाजूला एक माणूस चक्क लाकडी खोक्यावर बसलेला असतो! खुर्ची कमी पडली म्हणून नव्हे बरं का. पायांच्या मधून हात खाली सोडून तो त्याच खोक्यावर थापा मारत असतो. या खोक्याचं नाव काहोन.

फ्लॅमेंको म्हणजे दक्षिण स्पेनचं, आंदालुसियाचं जुनं संगीत. मग हा खोकाही तितकाच जुना असणार, असं वाटलं ना? छे! तो तिथे येऊन जेमतेम पन्नासेक वर्षं झालीत. आणि गंमत म्हणजे तो आणणारा ढोलवाला नव्हताच, गिटारवाला होता. पाको दे लुसिआ त्याचं नाव.

पाको 1947 साली आल्खेसिरास नावाच्या बंदराच्या गावात जन्मला. खरं नाव फ्रान्सिस्को सांचेझ गोमेझ, लाडाचं पाको. पण गल्लीत पाको खंडीभर! म्हणून आईच्या नावावरून हा झाला लुसिआचा पाको. वडील गिटार वाजवून घर चालवायचे. पैशांची ओढाताण होती, त्यामुळे पाकोची शाळा लहानपणीच सुटली. लगेच हेवा वाटून घेऊ नका, कारण शाळेच्या जागी आली गिटार, आणि तीही रोज तासन् तास, वडिलांच्या नजरेसमोर.

पुढे त्याच्या वेगाने जग थक्क झालं. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट ही दोन बोटं तारेवर पळायची. एक पुढे, मग दुसरं, मग पुन्हा पहिलं. पण एवढ्या वेगात सुरांचा काला कसा नाही व्हायचा? त्याचं थोडं श्रेय गिटारीलाही द्यायला हवं. फ्लॅमेंकोच्या गिटारीची पाठ आणि कडा बऱ्याचदा सायप्रसच्या पातळ, हलक्या लाकडाच्या असतात. तार छेडली की आवाज झटकन उसळतो आणि लगेच विरतो. मागचा सूर रेंगाळत नाही, म्हणून पुढचा स्वच्छ ऐकू येतो. शिवाय तारांखाली एक पातळ पट्टी चिकटवलेली असते. वाजवता वाजवता तिच्यावर बोटाने टकटक करायची असते. ती पट्टी नसती तर गिटारीच्या लाकडाला खड्डे पडले असते.

ही टकटक हवी कशाला? कारण फ्लॅमेंकोत ताल म्हणजे जीव की प्राण. जरा टाळ्या वाजवून बघता? एक ते बारा आकडे मोजा आणि 3, 6, 8, 10, 12 वर जोरात टाळी द्या. आधी दोनदा तीन-तीन, मग तीनदा दोन-दोन. आपल्या एकतालातही 12 मात्रा असतात, पण तिथे दोन-दोनचे सहा सारखे भाग. इथे मध्येच चाल बदलते आणि बोटं गोंधळतात! हा ताल धरायला स्पेनमध्ये टाळ्या, टाचा आणि टेबलावर आपटलेली बोटं पुरत असत.

मग 1970च्या दशकाच्या शेवटी पाको कार्यक्रमांसाठी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात गेला. तिथे एका मेजवानीत काइत्रो सोतो नावाचा वादक खोका वाजवत होता. पाकोने कान टवकारले. हा तर नाचणाऱ्याच्या टाचेसारखा कोरडा, लाकडी आवाज! त्याने तो खोका विकत घेतला आणि आपल्या चमूतल्या रुबेम दांतास या ब्राझिलियन तालवादकाकडे दिला.

पेरूत हा खोका आला कुठून? आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांकडे ढोल नव्हते, तेव्हा त्यांनी माल भरायची खोकीच बडवायला घेतली, असं सांगतात. आपल्याकडच्या आंब्याच्या पेटीवर मात्र हा प्रयोग फसेल. तिच्या फळ्यांमध्ये फटी असतात, हवा सगळीकडून निसटते. काहोन मात्र बंद असतो आणि मागच्या बाजूला एकच गोल भोक असतं. पुढची फळी पातळ प्लायवूडची. तिच्या मध्यावर थाप मारली की अख्खी फळी आत-बाहेर हलते, आतली हवा भोकातून ढकलली जाते आणि ‘धूम’ असा खर्ज घुमतो. वरच्या कडेला बोटं मारली की फक्त कडेचा भाग थरथरतो आणि ‘टक्’ असा तीक्ष्ण आवाज येतो. स्पेनमधल्या कारागिरांनी तर फळीच्या आतून तारा लावल्या, त्यामुळे थापेबरोबर चर्रर्र अशी झणझणही ऐकू येते. एका खोक्यात दोन-तीन वाद्यं!

जुनी मंडळी मात्र कुरकुरली. पाकोने बासरी, सॅक्सोफोन आणि बेस गिटारही शेजारी आणून बसवली. त्यात हा खोका? पण पाको असल्या कुरकुरीने थांबणारा नव्हता. 1980 साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जॉन मॅक्लॉफ्लिन आणि अल दि मेओला यांच्याबरोबर तीन गिटारींची धमाल मैफल केली. हा मॅक्लॉफ्लिन म्हणजे आपल्या झाकीर हुसेनबरोबर ‘शक्ती’ हा गट काढणारा. 1991 साली पाकोने पूर्ण वाद्यवृंदाबरोबर ‘आरान्ह्वेस’ ही अवघड रचना वाजवली, तीही स्वरलिपी धड वाचता येत नसताना!

25 फेब्रुवारी 2014 रोजी मेक्सिकोत हृदयविकाराच्या झटक्याने पाको गेला. वय अवघं 66. आल्खेसिरासला त्याचं दफन झालं. शेवटचा अल्बम तयारच होता. तो नंतर बाहेर आला आणि त्याच वर्षी त्याला लॅटिन ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम हा मान मिळाला.

पण मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मजेशीर देणं म्हणजे तो खोका. आज स्पेनमध्ये फ्लॅमेंकोच्या मंचावर तो इतका सर्रास दिसतो, की तो परदेशातून आलाय हे सांगूनही पटत नाही. पेरूवाले मात्र सावध निघाले. 2001 सालीच त्यांनी काहोन हा आमचा राष्ट्रीय वारसा आहे, असं जाहीर करून टाकलं. न जाणो, उद्या स्पेनवाले म्हणायचे, आमच्या पणजोबांचाच आहे!