तोड्याचा दिवस

पहाटे ५

डिसेंबरात यावल तालुक्यात पहाटे चांगलीच थंडी असते, पण तोडा असला की आमच्या घरात कुणी अंथरुणात राहत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी वांगी तोडावीच लागतात. उशीर झाला तर फळ निबर होतं, बी धरतं, आणि भरताच्या वांग्यात बी जास्त झालं की गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवतं. आमचं वांगं जळगावचं भरताचं. फिकट हिरवं, वर पांढरट रेघा, आकारानं मोठं, सालीला पातळ, आत बी कमी. २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत खानदेशभर मळ्यामळ्यांत भरताच्या पंगती बसतात, त्यासाठी वांगी आमच्यासारख्यांच्या शेतातून जातात. बियाणं घरचं. आजोबांच्या आधीपासून चालत आलेलं.

सकाळी ६:३०

तोडणीला आलेल्या बायकांत एक मावशी सगळ्यांत अनुभवी. देठावरच्या काट्यांमुळे बाकीच्या हातमोजे घालतात, त्या घालत नाहीत. म्हणतात, मोज्यातून फळ कळत नाही. बांधावर दोन ढीग पडत जातात, एक बाजारात जाणाऱ्यांचा, दुसरा किडक्यांचा. मध्येच मावशी एखादं गुळगुळीत, डाग नसलेलं वांगं उचलून किडक्यांत टाकतात.

"याला तर भोक नाही, मावशी."

"आत हाये. चिरून पाहा."

मी ते उभं चिरलं. देठाच्या टोपीखाली बारीकसा, भरून आलेला ठिपका होता, एरवी दिसलाही नसता. तिथून आत बोगदा, बोगद्यात ओलसर काळपट भुगा, आणि त्याच्या टोकाला गुलाबीसर अळी, पेरापेक्षाही लहान. उजेड लागताच ती आणखी आत सरकू लागली. ही शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. गिऱ्हाइकाला बाजारात जे मोठं भोक दिसतं, ते ती बाहेर पडल्याचं असतं. आत शिरल्याची खूण अशी ठिपक्याएवढीच.

वांग्याच्या शेतीतला सगळा खर्च, सगळं विष आणि सगळा वाद या ठिपक्यापाशी येऊन थांबतो. पतंग पानामागे, शेंड्यावर, कळीवर एकेक सुटं अंडं घालतो. अळी अंड्यातून निघाली की काही तासांत शेंड्यात नाहीतर फळात शिरते. तेवढ्या वेळात औषध तिला लागलं तर लागलं. एकदा आत गेली की वरून कितीही फवारा, तिच्यापर्यंत काही पोचत नाही. आणि शेतात अंडी रोज पडत असतात. म्हणून बरेच शेतकरी अळी दिसो न दिसो, फवारत राहतात. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे, पण तो काही तासांचा नेम धरायला त्यांच्या हातात दुसरं आहे काय?

सकाळी ८:३०

बाजारात क्रेट उतरवले. अडत्या वरचीच नाही, तळाचीही चार वांगी उलटीपालटी करून बघतो. एक भोक निघालं की सगळ्या क्रेटचा भाव पडतो. किडकं वांगं फुकटही कुणी उचलत नाही, आणि यात गिऱ्हाइकाची चूक काढता येत नाही.

ओळखीचे एक निवृत्त गुरुजी दर हंगामात माझ्याकडूनच वांगी नेतात. आज त्यांनी हात आखडता घेत विचारलं, "हे ते बीटीचं तर नाही ना रे?"

"नाही गुरुजी. आपल्या देशात त्या वांग्याला परवानगीच नाही."

"मग दे दोन किलो."

गुरुजींची काळजी खरी आहे. आपण काय खातो हे विचारायचा त्यांना पुरता हक्क आहे. मला मात्र त्यांनी दुसरा प्रश्नही विचारायला हवा होता, की शेवटची फवारणी कधी झाली आणि त्यानंतर किती दिवसांनी हे तोडलं. प्रत्येक औषधाच्या लेबलवर फवारणी ते काढणी यातला थांबायचा काळ छापलेला असतो. वांग्याचा तोडा चौथ्या-पाचव्या दिवशी येतो. औषधाचा काळ त्याहून मोठा असेल तर एक तोडा शेतात सोडून द्यावा लागतो. आम्ही सोडतो. तो किती जणांना परवडतो, हे गिऱ्हाइकाला कुठूनही कळत नाही. भीती बीटीची वाटते, कारण ते नाव पेपरात आलं. हे थांबायचे दिवस कुठल्या बातमीत येत नाहीत.

सकाळी १०:३०

परतताना कृषी सेवा केंद्रात थांबलो. पतंग पकडायच्या कामगंध सापळ्यांच्या नव्या गोळ्या घ्यायच्या होत्या. दुकानात एक तरुण दोन औषधं एकत्र करून मारू का म्हणून विचारत होता. त्याच्या वांग्यात अळी आवरत नव्हती.

त्याच्याकडे बघताना १४ ऑक्टोबर २००९ आठवला. त्या दिवशी केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मंजुरी समितीनं बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला होता. वांगं तयार केलं होतं जालन्याच्या महिकोनं, कोइमतूर आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठांना सोबत घेऊन. मातीत सापडणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं एक जनुक वांग्यात घातलेलं, त्यामुळे झाड स्वतःच क्राय-१-एसी नावाचं प्रथिन बनवतं. अळीनं पहिला घास घेतला की ते तिच्या अल्कधर्मी आतड्यात उलगडतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि अळी मरते. माणसाचं पोट आम्लधर्मी, आणि ते प्रथिन जिथे चिकटतं ती जागाच आपल्या आतड्यात नाही. याच जिवाणूची पावडर सेंद्रिय शेतीवालेही फवारतात. ठिपक्याएवढ्या भोकातून आत शिरणाऱ्या अळीला गाठायचं तर औषध झाडाच्या आतच असायला हवं, हा विचार मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो.

मग तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातली नागपूरला झाली. ९ फेब्रुवारी २०१० ला त्यांनी स्थगिती दिली. त्यांची कारणं उडवून लावण्यासारखी नव्हती. वांग्याच्या विविधतेचं भारत हे मोठं घर, चाचण्या बहुतांशी कंपनीच्याच, त्यांची माहिती उघड व्हायला माहिती अधिकारात झगडावं लागलेलं, आणि अनेक राज्य सरकारांचा विरोध. स्वतंत्र, दीर्घकालीन अभ्यास होऊन लोकांची खात्री पटेपर्यंत थांबू, असं ठरलं.

मला तक्रार करायची आहे ती यापुढची. थांबायचं ठरलं, ते थांबूनच राहिलं. ज्या अभ्यासासाठी थांबलो, तो करायचा कुणी, किती वर्षांत, कुणाच्या पैशानं, हे कुणी अंगावर घेतलं नाही. मोहरीचंही तसंच झालं. दिल्ली विद्यापीठातल्या दीपक पेंटल यांच्या गटानं सरकारी पैशानं केलेलं, जनुक बदललेलं डीएमएच-११ हे वाण. २०२२ मध्ये समितीनं त्याची शिफारस केली आणि जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचा निकाल दोन बाजूंना गेला. इकडे दुकानातला तरुण दोन बाटल्या घेऊन बाहेर पडला.

दुपारी १

जेवायला मामा आले होते. कपाशीवाले. भरीत, भाकरी, ठेचा. फोडणीचं तेल सरकीचं. भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि आज देशातली जवळजवळ सगळी कपाशी बीटी आहे. तिच्या सरकीचं तेल आपल्या जेवणात येतं, ढेप म्हशीच्या दावणीत जाते. जनुक बदललेलं पीक ताटात येऊ द्यायचं की नाही, हा वाद घालताना एवढं तरी माहीत असावं.

मामांचं बोलणं मात्र माझ्या बाजूनं नव्हतं.

"पहिली पाचसहा वर्षं कपाशी काय पिकली, तू पाहिलंच. हिरवी बोंडअळी दिसेना. मग गुलाबी आली. आता बियाण्याच्या पाकिटाला बीटीचे पैसे देतो अन् वरून फवारणीचेही देतो. तुझ्या वांग्याचं हेच होणार."

याला उत्तर आहे, पण ते आपल्याला आरसा दाखवणारं आहे. गुलाबी बोंडअळीनं दोन जनुकांच्या बीटीलाही दाद देणं थांबवलं, त्यात तंत्राइतकाच आपल्या वापराचा हात होता. बांधाला बिगरबीटीच्या ओळी लावायच्या असतात, म्हणजे सगळ्या अळ्या एकाच विषावर पोसल्या जाऊन पक्क्या होत नाहीत. ते पाकीट सोबत मिळायचं आणि बहुतेकांनी ते पेरलंच नाही. लांब मुदतीचे संकरित वाण, वेचणीनंतरही झाडं उभी ठेवून फरदड घ्यायची सवय, त्यामुळे अळीला जवळपास वर्षभर खायला मिळालं. आणि बियाणं संकरित, दरवर्षी विकत घ्यायचं, त्यामुळे काय पेरायचं हे शेतकऱ्याच्या हातात उरलं नाही. मामांना मी म्हटलं, तंत्र नको असं यातून निघत नाही, अशा पद्धतीनं नको, एवढंच निघतं. त्यांनी मान हलवली नाही. दोन हंगाम गुलाबी अळीत गेलेल्या माणसाला माझं बोलणं लगेच पटावं, अशी माझी अपेक्षाही नव्हती.

दुपारी ३

पुतणी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, सुट्टीला आली आहे. तिच्यासोबत सरीसरीनं फिरून सुकलेले शेंडे मोडले. शेंडा माना टाकतो तिथून चार बोटं खाली मोडायचा, पिशवीत घालायचा, शेवटी जाळायचा. बांधावर टाकला तर अळी त्यातून निघून कोष करतेच. सापळ्यांतले पतंग मोजले. पांढुरके, पंखांवर तपकिरी-लालसर डाग. शेंडे मोडणं आणि सापळे नेमानं केले तर फवारण्या नक्की कमी होतात, पण शेजारच्या चार शेतांनी केलं नाही तर पतंग तिथून येतात.

ती बांगलादेशाबद्दल सांगत होती. महिकोनं तेच जनुक तिथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेला रॉयल्टी न घेता दिलं. संस्थेनं ते उत्तरा, काजला, नयनतारा अशा स्थानिक वाणांत घातलं. वाण सरळ, म्हणजे शेतकरी बी घरी धरू शकतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये परवानगी, जानेवारी २०१४ मध्ये पहिल्या २० शेतकऱ्यांना रोपं. पुढे आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेनं तिथल्या सुमारे १,२०० शेतकऱ्यांमध्ये अभ्यास केला, त्यात कीटकनाशकावरचा खर्च ४७ टक्क्यांनी कमी निघाला. "काका, वांगं जालन्याचं, अन् शेतात गेलं ते बांगलादेशात," ती म्हणाली.

तिला मी दुसरी बाजूही वाचायला सांगितली. फिलिपिन्समध्ये तिथल्या अपील न्यायालयानं एप्रिल २०२४ मध्ये जनुक बदललेला सोनेरी तांदूळ आणि बीटी वांगं, दोन्हींचे परवाने रद्द केले. आणि बीटीनं फक्त ही अळी आवरते. तुडतुडे, पांढरी माशी, लाल कोळी आणि पर्णगुच्छाचा रोग तसेच राहतात.

संध्याकाळी ५

सकाळी तोडून झालेल्या तुकड्यात फवारणी. मधमाश्या परतल्यावर, वारा पडल्यावर. सालदार पंप पाठीला लावतो तेव्हा मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या, सगळं मी उभं राहून तपासतो. थंडीत तो हे सगळं घालतो. ऑगस्टच्या उकाड्यात उंच कपाशीत मास्क घालून दुपारभर फवारणं माणसाच्यानं होत नाही, हे फवारलेल्या माणसालाच कळतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. कित्येकांची नजर अधू झाली. तेही बीटी कपाशीच्याच शेतात.

जनुक बदललेल्या अन्नाची सुरक्षितता आपण खाणाऱ्याच्या बाजूनं मोजतो, ते बरोबरच आहे. पण आज जे अन्न आपण सुरक्षित धरतो, त्यात पाठीवर पंप घेतलेला माणूस कुठल्या रकान्यात येतो? स्थगितीचं एकेक वर्ष वाढतं, तेव्हा त्याच्या फवारण्याही वाढतात. निर्णय न घेण्याची किंमत तो भरतो, आणि त्याला कुठल्याही सुनावणीत कुणी विचारलेलं नाही.

संध्याकाळी ७:३०

ओसरीवर बियाण्याचं काम. झाडावरच पिवळीधमक होऊ दिलेली वांगी चिरून गर पाण्यात चोळायचा, तळाला बसलेलं बी राखेत घोळून सुकवायचं. झाड निवडतात ते नाना, आमच्या शेतकरी गटातले सगळ्यांत जुने शेतकरी. लाल दोरा बांधलेल्या झाडाचं फळ कुणी तोडत नाही.

गटातर्फे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाला पत्र द्यायचं आहे, त्याचा मसुदा मी वाचून दाखवला. बीटी वांग्याच्या चाचण्या सरकारी संस्थेनं, सरकारी पैशानं घ्याव्यात. आकडे जसेच्या तसे सर्वांना बघायला मिळावेत. वाण सरळ असावं, बी धरायचा हक्क शेतकऱ्याचा राहावा. बिगरबीटी ओळींची सक्ती कागदावर न राहता शेतात तपासली जावी. आणि बाजारात वांगं ओळखू येईल अशी खूण असावी, म्हणजे गुरुजींसारख्यांना निवडता येईल. हे वेळेत झालं नाही तर चोरवाटेनं येईलच. हरियाणात २०१९ मध्ये विनापरवाना बीटी वांगं शेतात सापडलं, आपल्याकडे तणनाशक सहन करणारी चोरबीटी कपाशी कित्येक वर्षं विकली जाते. चोरून आलेल्या बियाण्याला ना बिल, ना जबाबदार माणूस.

नानांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "वांग्याचं फूल आपलं आपण फळतं, तरी माशी थोडं इकडचं तिकडं करतेच. शेजारी ते लागलं अन् माझ्या वाणात उतरलं, तर माझं वाण मला परत कोण आणून देणार? हे पत्रात कुठंय?"

ते पत्रात नव्हतं. भौगोलिक मानांकन कागदावर राहील, पण ज्या बियाण्याला ते मिळालं ते बदललं तर कागदाचा उपयोग नाही. पुतणीनं सुचवलं, राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोचं केंद्र अकोल्याला आहे, आधी घराघरातलं बी तिथे नोंदवून जपून ठेवायला द्यावं, आणि भरताच्या पट्ट्यापासून किती अंतर राखायचं ते आपल्याला विचारूनच ठरवावं. नानांनी हा मुद्दा सगळ्यांच्या वर घ्यायला लावला. मी बाकीचे मुद्दे खाली सरकवून पत्र नव्यानं लिहिलं.

साडेनऊला थ्री फेज येते, या आठवड्यात आमची रात्रपाळी. मोटर सुरू करायला निघताना गटातल्या बाकीच्यांच्या सह्या झाल्या होत्या. नानांनी केली नाही. म्हणाले, बी अकोल्याला पोचल्याची पावती दाखवा, मग करतो. पुतणीनं लगेच जुन्या बरण्या खाली काढून कुठल्या घरचं कुठलं बी, याच्या चिठ्ठ्या लिहायला घेतल्या.