परदेशी मदत, दुष्काळी मुलूख आणि आपली दुकानदारी

धर्मापुरीच्या कापड दुकानदाराने जागतिक बँकेवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या बाजारात लुगड्याचा आणि शर्टपीसचा खप विहिरीतल्या पाण्यावर ठरतो. पाऊस गेला की ईद-दिवाळीच्या खरेदीला कात्री लागते आणि लग्नाचा बस्ता उधारीवर बांधून द्यावा लागतो. म्हणून या कोरड्या मुलखात पाणी आणि माती टिकावी यासाठी परदेशातून जो पैसा आला, तो कोणत्या वाटेने आला आणि मागे काय ठेवून गेला, हे व्यापारी व कारागीर बांधवांनी समजून घेतले पाहिजे.

‘परदेशी मदत’ हा शब्द लोक सरसकट वापरतात. आमच्या उर्दू शाळेत इमदाद वेगळी आणि कर्ज वेगळे असे शिकवले जाई. व्यापाऱ्याला तर हा फरक शिकवावाच लागत नाही. १९७२ च्या दुष्काळात आलेली सुकडी ही इमदाद होती. अमेरिकेतला तांबडा मिलोही त्याच काळात आला. खडी फोडून परतणारी माणसे थेट दुकानात येऊन कापड उधार मागत, असे वडील सांगत. त्यांच्या उर्दू खातेवहीत त्या सालची पाने भरलेली आहेत आणि जमेची बाजू जवळजवळ कोरी आहे. त्या धान्याने जीव वाचले, हे खरे. पण धान्य संपले आणि जमीन होती तशीच कोरडी राहिली.

त्याच सुमारास दुसऱ्या प्रकारची मदत आली. तिची गोष्ट आपल्या मिस्त्री लोकांनी मुद्दाम ऐकावी, कारण ती आपल्याच मराठवाड्यातली आहे. आपल्या काळ्या खडकात बोअर घेणे सोपे काम नव्हते. साठच्या दशकाच्या अखेरीपासून युनिसेफने खडक फोडणारी यंत्रे देशात आणली आणि गावोगाव बोअर झाले. त्यांवर बसवलेले हातपंप मात्र बिडाचे होते आणि परदेशातल्या शेतघरांच्या नमुन्यावर बनवलेले. एका कुटुंबाने दिवसातून चार-दोन वेळा हापसावा, अशी ती चीज. आपल्याकडे पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव त्यावर लोंबकळणार! दांडे तुटले, खिळी झिजल्या. सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा बहुतेक पंप बंद आढळले.

यावरचा इलाज दिल्लीत निघाला नाही. जालन्यात स्कॉटलंडच्या चर्चचे मिशन होते. तिथल्या कामकऱ्यांनी बीड सोडून पोलादाचा, वेल्डिंग केलेला, एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप बनवला. तोच जालना पंप. पुढे सोलापुरात त्यात साखळी आणि बेअरिंग आले. युनिसेफने हा सोलापूरचा नमुना पायाला धरला, मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीची मदत घेतली आणि १९७७ च्या सुमारास ‘इंडिया मार्क टू’ बाजारात आला. तो पुढे युगांडा, माली अशा देशांपर्यंत गेला. म्हणजे पैसा आणि यंत्रे बाहेरची होती, पण अक्कल इथल्या कारखान्याची होती.

त्यातही एक खोट राहिली. आतला दट्ट्या बदलायचा तर सगळी पाइपलाइन वर ओढावी लागे आणि त्यासाठी तालुक्याहून गाडी व माणसे येण्याची वाट पाहावी लागे. म्हणून पुढे ‘मार्क थ्री’ निघाला. त्यात पाइप न काढता दट्ट्या वर येतो. गावातला एखादा शिकलेला मिस्त्री हे काम करू शकतो.

बोअरने दुसरे दुखणेही आणले. हातपंपाच्या जागी मोटारी आल्या, ऊस आला आणि पाणी खाली खाली गेले. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

पाणी उपसण्याऐवजी मुरवण्यासाठी आलेली मोठी इमदाद जर्मनीची. फादर हर्मन बाखर या स्विस धर्मगुरूंच्या पुढाकाराने इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. पैसा नाबार्डमार्फत आला. अट अशी की गावाने श्रमदानाचा हिस्सा घालावा, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील दरेवाडीने हे करून दाखवले. मात्र चराईबंदीचा भार शेळ्या-मेंढ्या पाळणाऱ्या गरिबावर आधी पडतो. म्हणून डोंगर एकदम बंद न करता टप्प्याटप्प्याने बंद करावे लागले. खाटीक व चामड्याच्या धंद्यातील बांधवांना यातली अडचण सांगायला नको.

आता कर्जाकडे वळू. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीच्या १५ जिल्ह्यांत बीड होते. सुमारे ४,००० कोटींपैकी २,८०० कोटी बँकेचे कर्ज आणि बाकी राज्याचे. हे कर्ज सरकारी तिजोरीतून फेडायचे आहे, म्हणजे आपण भरतो त्या करातूनही. दुसऱ्या टप्प्यात २१ जिल्हे घेतले आहेत.

दुकानदाराने यातला व्यवहार नीट पाहावा. शेतकरी अर्ज करतो आणि पूर्वसंमती घेतो. मग ठिबक, पाइप, शेततळ्याचा कागद किंवा शेडनेट आधी स्वतःच्या पैशाने उभे करतो. जागेवर तपासणी होते आणि त्यानंतर अनुदान त्याच्या बँक खात्यात पडते. ‘अनुदान येणार आहे’ एवढ्या शब्दावर माल देऊ नये. पूर्वसंमतीचा कागद पाहावा आणि अनुदान वजा जाता गिऱ्हाइकाचा स्वतःचा हिस्सा तरी रोख घ्यावा. वेल्डिंगवाले, मोटार भरणारे, पाइप जोडणारे यांना मात्र यात काम आहे, आणि ते एकदाचे नाही. ठिबकची नळी तुंबते, मोटार जळते. ज्या गावात दुरुस्ती करणारा नाही, तिथे संच दोन हंगामांत बांधावर गुंडाळून पडतो. बिडाच्या पंपाचे जे झाले तेच.

माझ्या एका गिऱ्हाइकाने ठिबकात सगळी रोकड घातली आणि मुलीच्या लग्नाचा बस्ता माझ्याकडून उधार नेला. अनुदान खात्यात जमा झाले, पण खताच्या दुकानदाराचे देणे माझ्या आधीचे होते. कापूस विकून त्याने माझे निम्मे दिले. उरलेले अजून वहीत आहेत.