एकच जाहिरात शंभर वेळा

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझा रिपोर्ट पाहिला आणि साखर वाढल्याचे सांगितले. नवल नव्हते. कापडाच्या दुकानात गादीवर बसून माझी तीस वर्षे गेली. सकाळी दहाला बसायचे, रात्री नऊला उठायचे. डॉक्टर म्हणाले, "औषध देतो, पण रोज चालायला हवे."

घरी मुलीने माझ्याच मोबाईलवर घरात चालण्याच्या यंत्रांच्या किमती पाहिल्या. फक्त पाहिल्या, घेतले काही नाही. पण त्या दिवसापासून यंत्राने माझा पिच्छा सोडलेला नाही. सुताचे भाव पाहावेत तर यंत्र, क्रिकेटचा स्कोअर पाहावा तर यंत्र. तोच तरुण हसत धावतो आहे आणि खाली लिहिले आहे, 'सवलत फक्त आजच'. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'फक्त आजच'.

आपल्या दुकानात एखादे गिऱ्हाईक आले, चार ताके उलगडून पाहिले आणि न घेता निघाले, तर आपण सलाम करून निरोप देतो. आपला नोकर ताका खांद्यावर टाकून त्याच्या मागे घरापर्यंत, जेवणाच्या ताटापर्यंत गेला तर गिऱ्हाईक काय म्हणेल? मोबाईलवर आज नेमके हेच चालले आहे.

जुनाच खेळ

हा खेळ नवा नाही. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या घरोघरी आल्या, आणि काही वर्षांतच रात्री उशिरा व्यायामाच्या साधनांच्या लांबलचक जाहिराती सुरू झाल्या. पोट कमी करणारी स्प्रिंग, घाम काढणारा पट्टा, पाय हलवणारी पेटी. गोरी माणसे ओठ इंग्रजीत हलवायची आणि आवाज हिंदीत यायचा. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, मग फोन नंबर.

या प्रकाराचा उगम अमेरिकेतला. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८४ साली दूरचित्रवाणीवरील जाहिरातींच्या वेळेची मर्यादा उठवली आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या जाहिरातींना वाट मोकळी झाली. त्याच जाहिराती आवाज बदलून आपल्याकडे पोचल्या.

आमचे मरहूम वडील त्या पाहून म्हणत, "ज्या मालात दम आहे त्याला एवढे ओरडावे लागत नाही." मी तेव्हा तरुण होतो, वडिलांपेक्षा टीव्हीवर विश्वास जास्त. त्यांच्या नकळत पोटाचे एक यंत्र मागवले. दोन आठवड्यांत स्प्रिंग ढिली झाली. परत करावे म्हणून फोन केला तर नंबर लागेना. ऑर्डर घ्यायला मात्र तोच फोन पहिल्या घंटीला उचलला गेला होता! पुढे कित्येक वर्षे त्या यंत्रावर ओले टॉवेल वाळत होते.

वारंवार का?

व्यापारी म्हणून यामागचा हिशोब समजून घेतला पाहिजे. साबणाची जाहिरात नाव लक्षात राहावे म्हणून असते. यंत्राची जाहिरात तिथल्या तिथे ऑर्डर मिळावी म्हणून असते. मध्यरात्रीची वेळ वाहिनीकडून स्वस्तात मिळते. त्या वेळेचे भाडे किती आणि ऑर्डरी किती, एवढेच पाहायचे. परवडते तोवर जाहिरात चालू, परवडेनासे झाले की बंद. तेव्हा एखादी जाहिरात शंभर वेळा दिसली तर माल चांगला आहे, असा अर्थ होत नाही. तो अजून कोणीतरी घेतो आहे, एवढाच होतो. शिवाय जाहिरातीचा सारा खर्च त्याच मालाच्या किमतीत बसलेला असतो.

दुसरी गोष्ट मनाची. वीस वेळा ऐकलेली गोष्ट ओळखीची वाटते आणि ओळखीची गोष्ट खरी वाटू लागते.

शरीराचा हिशोब मात्र जाहिरातीने बदलत नाही. पोटाचा व्यायाम केल्याने पोटाचे स्नायू बळकट होतात, पण नेमकी पोटाचीच चरबी त्याने उतरत नाही. वीज सोडून पोट सपाट करणारे पट्टे विकणाऱ्यांविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे २००२ मध्ये कारवाई केली. व्यायामाशिवाय व्यायामाचा फायदा, हा त्यांचा दावाच खोटा असल्याचा आरोप होता.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीस फी नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ऑनलाइन व्यापारात 'फक्त आजच' अशी खोटी घाई करणे हा नोव्हेंबर २०२३ च्या नियमांनुसार अनुचित प्रकार ठरतो. माझे यंत्र परत गेले नाही तेव्हा मी गप्प बसलो. आज बसलो नसतो.

आपले दुकान

इथवर लिहून मी खूश होतो. तेवढ्यात एक प्रसंग आठवला आणि कलम थांबली.

गेल्या वर्षी जुना माल काढण्यासाठी मी दुकानावर फलक लावला होता, 'भव्य सेल, शेवटचे तीन दिवस'. गल्लीगल्लीत भोंगा लावून रिक्षाही फिरवली. फलक दोन महिने तसाच राहिला. आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका वृद्ध बाईंनी एक दिवस विचारले, "शेठ, तुमचे तीन दिवस कधी संपणार?" दुकानातली पोरे हसली. मीही हसलो, पण रात्री झोप लागली नाही. त्या बाईंनी वीस वर्षांत कधी माझ्या कापडाचा पन्ना मोजून पाहिला नव्हता. माझा शब्द त्यांना पुरत होता. ती वीस वर्षांची कमाई मी एका फलकावर लावली होती.

सकाळी फलक उतरवला. सुती माल पहिल्या धुण्यात आटणार असेल तर आता मी आपणहून सांगतो आणि पाव मीटर जास्त घ्यायला लावतो. काही गिऱ्हाइके उठून जातात. बरीचशी परत येतात आणि सोबत कोणाला तरी घेऊन येतात. त्या जाहिरातीला भाडे पडत नाही.

यंत्र काही मी घेतले नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे झपझप चालावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस. त्याला यंत्र लागत नाही. मी आता माल पाहायला कारखान्यापर्यंत पायी जातो. तिथे आमचा एक कारागीर बारा तासांच्या पाळीत सहा यंत्रमागांमध्ये उभ्याने फिरत असतो. त्याला मी यंत्राची किंमत सांगितली. तुटलेला धागा जोडता जोडता तो म्हणाला, "शेठ, चालायचे पैसे तुम्ही देणार? आम्ही तर चालण्याचे घेतो!"