समजून घ्या : पहिली बासरी बांबूची घ्यावी की पीव्हीसीची?

नंदुरबार : सारंगखेड्याची यात्रा असो की होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, बासरी दिसली की मुलं हट्ट धरतात. पण बेसूर बासरी हाती पडली, तर मूल आठवडाभरात ‘मला जमत नाही’ म्हणून ती टाकून देतं. दोष मात्र बासरीचा असतो. त्यामुळे पैसे देण्याआधी या गोष्टी पाहा.

आडवी की उभी?
तोंडाशी शिटीसारखी खाच असलेली उभी बासरी, म्हणजे अळगूज, फुंकताच वाजते. शास्त्रीय संगीतात आडवी बासरी वापरतात. तिच्यातून पहिला सूर निघायलाच काही दिवस लागू शकतात. शिकवणी लावायची असेल, तर आडवीच घ्या. सातपुड्यातली पावरी हे याहून वेगळं वाद्य आहे.

कोणत्या मापाची?
पन्नालाल घोष यांनी शास्त्रीय मैफलीत रुजवलेली लांब बासरी लहान बोटांना झेपत नाही. ‘सी नॅचरल मीडियम’ ही साधारण १९ इंचांची बासरी नवशिक्यांना सोयीची पडते.

बांबू की पीव्हीसी?
जॉन कोल्टमन यांनी १९७१ मध्ये चांदी, तांबे आणि लाकडाच्या, पण आतून एकाच मापाच्या बासऱ्या न दाखवता ऐकवल्या. श्रोत्यांना फरक ओळखता आला नाही. आवाज ठरतो तो मुख्यतः आतली पोकळी, छिद्रांची जागा आणि फुंकायच्या छिद्राची कड यांवर.

पीव्हीसीची नळी एकसारखी असते, तडकत नाही आणि धुता येते. बांबू हलका असतो, पण प्रत्येक नळी वेगळी असल्याने कारागिराचं कौशल्य महत्त्वाचं. कोरड्या उन्हात बांबू तडकू शकतो. अखंड लाकूड कोरून केलेली बासरी महाग पडते. सुरुवातीला तिची गरज नाही.

सूर कसा तपासाल?
मोबाइलवर ट्यूनर ॲप उघडा. वरची तीन छिद्रं बंद करून विक्रेत्याला वाजवायला सांगा. सी नॅचरल बासरीत ‘सी’ हा सूर दिसायला हवा. बोटं तशीच ठेवून जोरात फुंकल्यावर वरचा ‘सा’ही जुळला पाहिजे.

उन्हाळ्यात सूर चढतो का?
हो. तापमान एक अंशाने वाढलं, की हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि सूर किंचित चढतो. हे दोन्ही प्रकारांत होतं.

थोडक्यात, जवळ जाणकार नसेल तर सुरात असलेली पीव्हीसी. कारागीर ओळखीचा असेल तर बांबू.