घरच झाले कार्यालय, बिल मात्र कुणाच्या नावे?

खास प्रतिनिधी

ब्रिटनमध्ये दोन माणसे भेटली, की हवामानाविषयी बोलतात असे म्हटले जाते. गेल्या काही वर्षांत या परंपरेत घरातील वाय-फायची भर पडली आहे. पबमध्ये, शाळेच्या फाटकाशी किंवा आगगाडीच्या डब्यात नोकरदारांची गाठ पडली, की आठवड्यातून किती दिवस कचेरीत जावे लागते, राउटर कुठे ठेवला आहे, खुर्ची कोणती घेतली आणि गॅसचे बिल किती आले, याची चौकशी होतेच. वरवर पाहता ही चर्चा वस्तूंची आहे. तिच्या मुळाशी मात्र एक साधा आणि अद्याप न सुटलेला प्रश्न आहे. कार्यालय घरात आले, तर त्याचा खर्च कोणी सोसायचा?

२०१९ मध्ये ब्रिटनमधील सुमारे ३ कोटी २६ लाख कामकरी लोकांपैकी जेमतेम १७ लाख, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास लोक प्रामुख्याने घरून काम करीत असत. २३ मार्च २०२० रोजी तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी जनतेला घरीच थांबण्याचा आदेश दिला आणि हे चित्र पालटले. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहणीनुसार, एप्रिल २०२० मध्ये ४६.६ टक्के कामकरी लोकांनी थोडेफार तरी काम घरून केले. मंत्रिमंडळही संगणकाच्या पडद्यावर भरू लागले. आपल्याकडील ग्रामपंचायतीशी साधर्म्य असलेल्या हँडफोर्थ येथील पॅरिश कौन्सिलची झूमवरील वादळी सभा फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभर पाहिली गेली आणि गोंधळ घालणाऱ्या सदस्यांना सभेबाहेर काढणाऱ्या जॅकी वीव्हर एका रात्रीत घरोघरी पोहोचल्या. तंत्रज्ञान कामचलाऊ का होईना, पण पुरेसे आहे, हे त्या काळात सिद्ध झाले. ते घराघरांत सारखे नाही, हेही त्याच वेळी उघड झाले.

वेग जाहिरातीतला आणि घरातला

सर्वसामान्य ब्रिटिश ग्राहकाची पहिली तक्रार असते ती इंटरनेटच्या वेगाची. तिचे कारण तेथील जुन्या टेलिफोन जाळ्यात आहे. अनेक वर्षे 'फायबर' या नावाने विकल्या गेलेल्या जोडणीत काचतंतूची केबल प्रत्यक्षात रस्त्याच्या कडेच्या हिरव्या पेटीपर्यंतच येत असे. तेथून घरापर्यंतचा प्रवास टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच होई. तार जितकी लांब, तितका वेग कमी. त्यामुळे एकाच रस्त्यावर सारखेच पैसे मोजणाऱ्या दोन कुटुंबांना वेगवेगळा वेग मिळत असे. थेट घरापर्यंत काचतंतू पोहोचविण्याचे काम अलीकडच्या वर्षांत वेगाने झाले असले, तरी जुनी जोडणी वापरणारी घरे अजूनही आहेत.

त्यातच या जोडण्यांची आखणी घरात माहिती घेण्यासाठी झाली होती, बाहेर पाठविण्यासाठी नव्हे. चित्रपट पाहताना माहिती घरात येते. दूरदृश्य बैठकीत मात्र आपला चेहरा आणि आवाज सतत बाहेर जात असतो. रात्री चित्रपट विनातक्रार दाखविणारी जोडणी सकाळच्या बैठकीत का अडखळते, याचे उत्तर बहुतेक वेळा यातच असते. मार्च २०२० पासून ब्रिटनमध्ये किमान ब्रॉडबँड मागण्याचा कायदेशीर हक्क लागू झाला. त्यात माहिती घेण्याचा वेग १० मेगाबिट ठरविण्यात आला, तर पाठविण्याचा अवघा १ मेगाबिट. एकाच घरात दोन नोकरदार आणि ऑनलाइन वर्गात बसलेले मूल असेल, तर हा वेग कितपत पुरेल, हे सांगण्यासाठी तज्ज्ञाची गरज नाही.

पुढचा अडथळा घराच्या भिंतींचा. टेलिफोनचे मुख्य सॉकेट साधारणपणे दरवाजाजवळच्या बोळात असते, त्यामुळे राउटरही तेथेच बसतो. काम करायची खोली मात्र मागे किंवा वरच्या मजल्यावर. जुन्या विटांच्या जाड भिंती ओलांडताना वाय-फायचा संदेश क्षीण होतो. यावर घरोघरी उपाय शोधले गेले. कोणी जिन्यावरून लांब केबल ओढली, कोणी विजेच्या तारांतूनच इंटरनेट नेणारे अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये बसविले, तर कोणी खोलीखोलीत छोटी संदेशवर्धक यंत्रे ठेवली. साधी केबल सर्वांत भरवशाची, असेच अनुभवी मंडळींचे मत पडते.

ग्राहकांच्या हिताचे काही नियम दरम्यानच्या काळात झाले. मे २०१८ पासून जाहिरातीतील वेग गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळणे बंधनकारक झाले. त्यापूर्वी दहा टक्क्यांना मिळाला तरी चालत असे. महागाईशी जोडलेल्या करारांमुळे २०२३ च्या वसंतात अनेकांचे दर एकदम १४ टक्क्यांहून अधिक वाढले होते. 'ऑफकॉम' या नियामक संस्थेने १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत अशा पद्धतीला मनाई केली. आता होणारी वाढ पौंड आणि पेन्समध्ये आधीच सांगावी लागते.

खुर्ची, हीटर आणि सवलत

इंटरनेटनंतर क्रम लागतो तो खुर्चीचा. जेवणाच्या टेबलाशी बसून काढलेले पहिले काही आठवडे मजेत गेले, नंतर पाठीने तक्रार सुरू केली. पडद्यासमोर नियमित काम करणाऱ्याच्या बैठकीची पाहणी मालकाने करावी, असे १९९२ ची नियमावली सांगते आणि ती घरून काम करणाऱ्यांनाही लागू आहे. व्यवहारात मात्र या पाहणीची इतिश्री अनेकदा एका प्रश्नावलीवर होते.

थंडीत प्रश्न अधिक बोचरा होतो. गॅसच्या बॉयलरवर चालणारी उष्णता-यंत्रणा सहसा सगळे घर तापविते, काम करणारा माणूस मात्र एकाच खोलीत असतो. एप्रिल २०२२ मध्ये ऊर्जादरांची कमाल मर्यादा एकदम ५४ टक्क्यांनी वाढली, तेव्हा घरी राहून गॅस जाळायचा की गाडीभाडे भरून कचेरीच्या उबेत बसायचे, असा हिशेब अनेक घरांत कागदावर मांडला गेला. गाडीभाड्याचे गणितही बदलले होते. जून २०२१ मध्ये रेल्वेने २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस प्रवासाची मुभा देणारा पास आणला. रोजच्या पासाचे दिवस सरल्याची ती कबुलीच होती.

सरकारने काय दिले? एप्रिल २०२० पासून घरून काम करणाऱ्याच्या करपात्र उत्पन्नातून आठवड्याला ६ पौंड वजा करण्याची मुभा होती. २० टक्के दराने कर भरणाऱ्याच्या हाती त्यातून आठवड्याला १ पौंड २० पेन्स, म्हणजे वर्षाला ६२ पौंड ४० पेन्स पडत. पुढे अटी कडक झाल्या आणि एप्रिल २०२६ पासून ही सवलतच बंद करण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. मालकाने स्वतःहून खर्च भरून दिला, तर ती रक्कम करमुक्त राहते. अर्थात, देणे-न देणे त्याच्या मर्जीवर.

मत बदलते घरानुसार

मग एवढे करून लोकांना घरून काम हवेच का असते? याचे उत्तर वेळेत आहे. सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या अहवालानुसार, घरून काम केलेल्या दिवशी प्रवासाची सरासरी ५६ मिनिटे वाचतात. त्या दिवशी झोप आणि विश्रांतीला २४ मिनिटे जास्त मिळतात. त्या शरद ऋतूत २८ टक्के कामकरी लोक काही दिवस घरून, काही दिवस कचेरीतून काम करीत होते.

मात्र हे सुख सर्वांच्या वाट्याला आलेले नाही. पदवीधरांना अशी संधी मिळण्याचे प्रमाण कोणतीही शैक्षणिक पात्रता नसलेल्यांच्या दहापट असल्याचे हाच अहवाल सांगतो. परिचारिका, बसचालक, दुकानातील विक्रेता यांच्यासाठी ही चर्चाच परक्या जगातील आहे. नोकरदारांतही भेद आहेत. बागेत लाकडी खोली बांधून घेणारा वरिष्ठ अधिकारी आणि भाड्याच्या घरात पलंगावर लॅपटॉप घेऊन बसणारा नवखा कर्मचारी यांचे मत एकच कसे असेल? नवख्याला कचेरी हवी असते, ती ज्येष्ठांच्या शेजारी बसून काम शिकण्यासाठी आणि फुकटच्या उबेसाठीही.

राजकारणी आणि उद्योगपतींनी या वादाला नैतिक रंग दिला. एप्रिल २०२२ मध्ये तत्कालीन मंत्री जेकब रीस-मॉग यांनी सरकारी कचेऱ्यांतील रिकाम्या टेबलांवर उपरोधिक चिठ्ठ्या ठेवल्या. जानेवारी २०२५ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सरचे माजी प्रमुख लॉर्ड रोझ यांनी, घरून काम केल्याने एक पिढी खऱ्या कामापासून दुरावत असल्याचे मत मांडले. कायदा मात्र मधल्या वाटेवर आहे. ६ एप्रिल २०२४ पासून कर्मचाऱ्याला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून लवचीक कामाची मागणी करता येते आणि मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यावयाचा असतो. हा हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. व्यवसायाची ठरावीक आठ कारणे देऊन मालक नकार देऊ शकतो.

हा विषय आपल्याला तितकासा दूरचा नाही. ब्रिटिश ग्राहकांसाठी काम करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या संगणक अभियंत्यांच्या घड्याळात लंडनची सकाळी नऊची बैठक उन्हाळ्यात दुपारी दीडला, तर हिवाळ्यात अडीचला असते. पलीकडचा माणूस स्वयंपाकघरातून बोलत असतो आणि अलीकडचाही. इन्व्हर्टर, ब्रॉडबँड आणि खुर्चीचा खर्च आपल्याकडेही बहुतांशी कर्मचाऱ्याच्याच खिशातून जातो. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रसूती रजेनंतर घरून काम करण्याची तरतूद आली, तीही मालकाशी सहमती झाली तरच.

ब्रिटनमधील नोकरदार राउटरविषयी इतके का बोलतो, हे यावरून उमजते. कंपनीची जागा, वीज आणि फर्निचर वाचले आणि त्यातील बराचसा भार घरखर्चाच्या वहीत आला. त्या बदल्यात त्याला रोजची ५६ मिनिटे मिळाली. ज्याच्याकडे वेगळी खोली आणि चांगली जोडणी आहे, त्याला हा सौदा परवडतो. ज्याच्याकडे नाही, त्याला तो परवडावा यासाठी बिलात मालकाचा वाटा किती, हे आधी ठरावे लागेल.