ट्यूब नसलेल्या चाकाची रिम

डोंगरवाटांवरच्या सायकलीला हल्ली ट्यूब घालीत नाहीत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९९ साली ही पद्धत बाजारात आणली. टायरची कड रिममध्ये घट्ट बसते, आऱ्यांची भोके पट्टीने झाकतात आणि आत रबरी चिकाचे द्रावण ओततात. काटा रुतला तर तेच छिद्र बुजवते. ट्यूब चिमटण्याचे भय नसल्याने हवा कमी ठेवता येते व पकड वाढते. परंतु खरी गोम इथेच आहे. हवा कमी म्हणजे दगडाची ठोकर थेट रिमवर! म्हणून हलक्या रिमला भुलू नये, निदान मागच्या चाकासाठी तरी. भार तिथेच अधिक.

कार्बनची रिम ताठ खरी, पण तडकली की टाकूनच द्यावी लागते. ॲल्युमिनियमच्या रिमला पोचा येतो, तो बहुधा काढता येतो. ज्याला दुरुस्ती पदरच्या पैशाने करावयाची, त्याने हीच घ्यावी असे माझे मत. आतील रुंदी साधारण २५ ते ३० मिलिमीटर, आरे ३२.

मापात मात्र फसगत होते. २९ इंची रिमचे टायर बसण्याचे माप ६२२ मिलिमीटर, तर आमच्या घरच्या २८ इंची काळ्या सायकलीचे ६३५! तेव्हा दुकानात इंच न विचारता मिलिमीटर विचारावेत. जुने चाक घ्यावयाचे असल्यास ते उचलून फिरवावे, आऊट किती ते पाहावे आणि आऱ्यांच्या भोकांभोवती चीर गेली आहे का ते बोटाने चाचपावे.