डॉल्फिन कळपाने का राहतात?

वसई-अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात उभे राहिलात, तर गाळामुळे स्वतःचे पाऊलही दिसत नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगतच्या अशाच गढूळ पाण्यात पाठीवर उंचवटा असलेले कुबड्या डॉल्फिन वावरतात, आणि तेही कळपाने!

दिसत नसताना ते एकत्र राहतात कसे? आवाजाने. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तर समुद्राच्या पाण्यात सुमारे १५०० मीटर. त्यामुळे अर्ध्या किलोमीटरवरच्या सोबत्याची शीळ सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शातच पोहोचते.

या सोबतीचा फायदा काय? एकट्याच्या तावडीतून निसटणारे मासे चौघांनी वेढले की सापडतात. शार्कची चाहूल अनेकांपैकी कोणाला तरी लवकर लागते. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते. त्याला कळपाचे संरक्षण मिळते. डॉल्फिनला श्वासासाठी पाण्यावर यावेच लागते. अशक्त सोबत्याला इतरांनी वर उचलून धरल्याच्या नोंदी शास्त्रज्ञांनी केल्या आहेत.

मग कळप जितका मोठा तितका बरा का? नाही. खाणारी तोंडेही वाढतात! म्हणून किनाऱ्यालगतचे कळप बहुधा लहान असतात. लपायला जागा नसलेल्या खुल्या समुद्रात मात्र काही जातींचे कळप शेकड्यांनी भरतात.

आता विचार करा. यांत्रिक होड्यांची घरघरही पाण्यात त्याच वेगाने पसरते. तिच्यात शीळ बुडाली, तर गढूळ पाण्यातल्या पिल्लाने आईला शोधायचे कसे?